नौपाड्यातल्या काकांना, सुमनताईंच्या गाण्यांसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

स्टेजवर बोलावलं तर आला नाहीत, शाल-नारळ नको म्हणालात, वर आभार मानताना माझं नाव घेतलंस तर परत दार उघडणार नाही अशी धमकी पण दिलीत, म्हणून मग नाव न घेता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. ठाण्यात तुम्हाला ओळखणारे बरोबर ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या सूनबाईंना सांगून ठेवलंय की हे मोठ्याने वाचून दाखवा, आणि काका मध्येच "पुरे आता" म्हणाले तरी थांबायचं नाही.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं, वाण लुटून झालं की तंबोला आणि मग कराओके, हे ठरलेलं. यंदा कुणीतरी म्हणालं की सुमन कल्याणपूर यांची गाणी करू, २८ जानेवारीला त्यांचा वाढदिवस असतो, त्याच्याच आसपास ठेवू. सगळ्या हो म्हणाल्या आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलं. मी नेटवरून माहिती काढायला बसले तर जिथे बघावं तिथे सुरुवात तीच, आवाज अगदी लताबाईंसारखा आणि शेवट पण तोच, म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला. मधे गाण्यांची यादी. तेच जरा सजवून चार पानं लिहिली, प्रिंट मारली आणि मैत्रिणीच्या ओळखीने ट्रान्स हार्बरची लोकल पकडून तुमच्याकडे आले, खरं तर फक्त दोनचार जुन्या रेकॉर्डींचे फोटो मिळतात का बघायला, बॅनरवर लावायचे होते म्हणून.

तुम्ही चष्मा लावून सगळी पानं वाचलीत, एक शब्द बोलला नाहीत, मग पानं उलटी केलीत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने गाणी लिहायला लागलात. माझं निवेदन तिथेच गार झालं. मग म्हणालात, रेकॉर्डी देतो, फोटो कशाला, खऱ्याच ने, पण दोन अटी. एक, तुलना करायची नाही. दोन, बिचारी बिचारी करून रडायचं नाही. "बाई गायलीय ती, तिच्यावर कार्यक्रम करताय ना, मग ती काय गायली ते सांग."

तेव्हा मला वाटलं हे जरा अतीच करतायत, कारण तुलना काढली तर निवेदनात उरतं काय? आता वाटतं तुम्ही त्या अटी घातल्या नसत्या तर आमचा कार्यक्रम पण बाकी सगळ्यांसारखाच झाला असता.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मी मोबाईलवर टाईप करत होते, ते इथे थोडं तरी लिहिते, कारण आमच्या मंडळातल्या निम्म्या जणींना हे पहिल्यांदाच कळलं. सुमनताईंचा जन्म १९३७ सालचा, ढाक्याचा, माहेरचं आडनाव हेमाडी, १९४३ मध्ये सगळे मुंबईत आले. मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होती आणि गाणं शिकली आधी केशवराव भोळ्यांकडे, म्हणजे प्रभातच्या संत तुकारामचे संगीतकार ते, आणि पुढे उस्ताद अब्दुल रहमान खां आणि मास्टर नवरंग यांच्याकडे. हिंदीत पहिला पिक्चर मंगू, १९५४, त्यातली अंगाई. म्हणजे सतराव्या वर्षी अंगाई गाऊन सुरुवात, आणि १९७७ साली "निंबोणीच्या झाडामागे", जी आपल्याकडच्या सगळ्या आयांना पाठ आहे आणि गाणारीचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. हे तुम्ही बोललात तेव्हा आतून काकू म्हणाल्या की मला माहीत होतं हो, तो पॉज मला अजून आठवतोय.

मग मी घाबरत घाबरत विचारलं की ते रॉयल्टीचं काय, ते तर सांगावं लागेल. तुम्ही म्हणालात कारण सांग, कारण म्हणजे तुलना नव्हे. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, आणि रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. दिल एक मंदिर १९६३, राजकुमारचं "तुमने पुकारा और हम चले आए" १९६४, जब जब फूल खिलेचं "ना ना करते" १९६५. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण पुढे तुम्ही जे विचारलंत ते कुठल्याच लेखात दिसलं नव्हतं. ज्वेल थीफ १९६७ चा, त्यात लता-रफी परत एकत्र आहेत, मग १९६८ च्या ब्रह्मचारीत रफींबरोबर "आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे" कोण गातंय? सुमनताईच ना? आणि बात एक रात की मध्ये १९६२ ला बर्मनदादांकडे हेमंतकुमारांबरोबर "न तुम हमें जानो", साथीमध्ये नौशादसाहेबांकडे मुकेशबरोबर "मेरा प्यार भी तू है", त्यात रफी आहेत कुठे भांडायला? मी टाईप करायचं थांबले होते. सुमनताईंची गाणी नुसती त्या भांडणामुळे आलेली नाहीत, एवढी साधी गोष्ट, पिक्चरची सालं ओळीने मांडली तरी दिसते, पण कुणी मांडत नाही कारण भांडणाची स्टोरी जास्त चटपटीत आहे.

आणि "अजहूं न आए बालमा". हे गाणं तुम्ही दोनदा लावलंत. सांझ और सवेरा, १९६४, शंकर-जयकिशन, भैरवीच्या अंगाची चाल, आणि पडद्यावर कोण तर मेहमूद आणि आपली शुभा खोटे. कॉमेडी जोडीला एवढं तयारीचं गाणं, आणि रफींच्या ताना चाललेल्या असताना ही बाई जराही दबत नाही, आवाज वाढवत नाही, नुसती जागेवर उभी राहिल्यासारखी गाते. मी हे गाणं आधी ऐकलेलं होतं पण मोबाईलच्या स्पीकरवर, भाजी निवडताना. तुमच्या त्या जुन्या प्लेअरवर, थोडी खरखर येत असताना ऐकलं तेव्हा त्यांच्या ओळीच्या शेवटाकडे लक्ष गेलं, शेवटचा स्वर त्या धरून ठेवत नाहीत, सोडून देतात आणि तो आपल्या कानात पुढे चालू राहतो. मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही, चुकत असेन तर पुढच्या वेळी सांगा, पण माझ्यासाठी सुमन कल्याणपूर म्हणजे तो सोडलेला स्वर.

तुमच्या यादीत आम्ही काढलेली सुपरहिट गाणी कमी आणि न पाहिलेल्या पिक्चरची गाणी जास्त होती. नूर महलचं "मेरे महबूब न जा", शमातलं "दिल ग़म से जल रहा है", शगूनमधलं खय्यामसाहेबांचं "बुझा दिए हैं खुद अपने हाथों". शगून म्हटलं की लोक "परबतों के पेड़ों पर" वर थांबतात, तेही सुंदरच आहे, पण ते एकटीचं गाणं ऐका असं तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. "मेरे महबूब न जा" वरून आमच्या ग्रुपवर वाद झालाच, एक ताई हट्टाला पेटल्या की हे लताबाईंचंच, यूट्यूबवर तसं लिहिलंय. मी काही न बोलता तुम्ही दिलेल्या रेकॉर्डच्या लेबलचा फोटो टाकला. त्यावर त्यांनी फक्त अंगठा पाठवला, आमच्या ग्रुपवर हा मोठाच विजय समजतात.

आता तालमीबद्दल, कारण खरी मदत तिथे झाली आणि ती कुणाला दिसली नाही. कराओकेचे ट्रॅक ओरिजिनल स्केलमध्ये, आमच्या बायका पन्नाशीच्या पुढच्या, वरच्या पट्टीत गेल्या की सगळ्या किंचाळायला लागायच्या आणि साउंडवाला ते झाकायला इको वाढवायचा. तुम्ही त्या उकाड्यात, गुडघ्याला पट्टा बांधून नेरूळपर्यंत आलात (ठाण्याहून बसायला जागा मिळते म्हणून लोकलनेच आलात, रिक्षा पाठवते म्हटलं तर रागावलात) आणि आल्या आल्या इको बंद करायला लावला. अख्ख्या हॉलमध्ये सन्नाटा. इको काढला की काय काय उघडं पडतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग प्रत्येकीचा स्वर पेटीवर बघून ट्रॅक खाली घ्यायला लावलेत, कुणाचा दोन सूर, कुणाचा तीन, आणि सांगितलंत की सुमनताईंचं गाणं जोर लावून होत नाही, माईक जवळ घ्या आणि समोरच्या खुर्चीवर बसलेल्या एका माणसाला सांगताय असं म्हणा. जोशात "ना ना करते" म्हणणाऱ्या आमच्या सेक्रेटरी मॅडमना पण ऐकवलंत की तो नकार आहे, मोर्चाची घोषणा नाही. त्या रुसल्या नाहीत हे आश्चर्य, दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या काकांना परत कधी बोलावतेस.

आणि मराठी गाणी घ्यायची की नाही यावर आमच्यात दोन पार्ट्या होत्या, विषय हिंदी पिक्चरचा होता म्हणून. तुम्ही म्हणालात ठाणे-नवी मुंबईत बसून "जिथे सागरा धरणी मिळते" सोडणार असाल तर मी रेकॉर्डी परत घेतो, ते पी. सावळारामांचं आहे, जे ह्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गाणं लिहिणारा माणूस शहराचा नगराध्यक्ष, हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं पण दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवून बसली. मग वसंत प्रभूंची ती चाल आणि अशोक पत्कींचं "केतकीच्या बनी" असं दोन्ही घेतलं आणि वाद मिटला.

कार्यक्रमात तुमच्या अटी पाळल्या, मागच्या रांगेत बसून तुम्ही बोटं मोजत होतात ते मला दिसत होतं. अडचण एकाच ठिकाणी आली. २०२३ चं पद्मभूषण सांगून झालं, पण त्याच्या आधी राज्य सरकारने दिलेल्या पुरस्काराचं नावच लता मंगेशकर पुरस्कार, ते कसं टाळायचं? आदल्या रात्री तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला, आणि म्हणालात पुरस्काराचं नाव आहे ते, घे बाई, आदराने घे, त्यांचं गाणं मला काय कमी आवडतं का.

आणि मग तुमची ती आयडिया. १९५९ च्या चांद पिक्चरमधलं "कभी आज कभी कल कभी परसों", हेमंतकुमारांचं संगीत, लताबाई आणि सुमनताई दोघी एकाच गाण्यात. तुम्ही सांगितलंत तसं मी आधी काही बोलले नाही, नंतरही काही बोलले नाही, नुसतं गाणं लावलं. हॉलमध्ये हळूच कुजबुज सुरू झाली, ही कोण, आता कोण, नाही गं आता ती, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बायका पण न चुकता ओळखायला लागल्या. आयुष्यभर "सेम टू सेम" म्हणणाऱ्या बायका. माझ्या निवेदनाच्या चार पानांनी हे झालं नसतं. माझं मत विचाराल तर सुमनताईंचा आवाज थोडा मऊ आहे, कडेने थोडा विरलेला, सुती साडी वापरून वापरून होते तसा, आणि एकदा ते कानात बसलं की परत गल्लत होत नाही.

"बिचारी" पण कुणी म्हणालं नाही. म्हणजे एक काकू म्हणायला गेल्या, की किती कमी मिळालं हो त्यांना, तर त्यांच्या शेजारचीच म्हणाली की अहो, रक्षाबंधनाला दरवर्षी "बहना ने भाई की कलाई से" वाजतं ते कुणाचं, रेशम की डोरी १९७४ चा, इतकी वर्षं झाली तरी राखीच्या दिवशी दुसरं गाणं कुणाला सुचतंय का. मला वाटतं तुम्ही हे ऐकलं असेल, कारण तेव्हाच उठून तुम्ही चहा घ्यायला गेलात, आणि तुम्हाला कुणी बघत असलं की तुम्ही चहाला जाता हे मला आता माहीत झालंय.

तर काका, रेकॉर्डींसाठी थँक्यू, पण तो भाग सोपा आहे, रेकॉर्डी परत करता येतात. माझी चार पानं वाया घालवल्याबद्दल थँक्यू. इको बंद केल्याबद्दल सगळ्या मंडळाकडून थँक्यू, आणि साउंडवाल्याकडून पण, तो आता दुसऱ्या सोसायट्यांत जाऊन इको कमी ठेवा म्हणून ज्ञान देतोय. आमच्या हौशी बायकांना तुम्ही एकदाही "छान छान" म्हणून वाटेला लावलं नाहीत, गाणं नीट करून घेतलंत, ह्याचं मोल आम्हाला कळतंय.

रेकॉर्डी कापडात गुंडाळून, उभ्या ठेवून आणतेय रविवारी, एकावर एक ठेवलेल्या नाहीत, काळजी करू नका. तुमच्या गाण्यांच्या वहीचे फोटो काढलेत, फक्त रोशनसाहेबांच्या पानावर नूरजहां पिक्चरच्या "शराबी शराबी" समोर तुम्ही पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलंय ते वाचता येत नाहीये, ते काय होतं ते सांगा. येताना मामलेदारची मिसळ आणते, तुमच्यासाठी कमी तिखट, काकूंना विचारूनच.

तुमची,
नेरूळची निवेदिका