फुलपाखराच्या छायाचित्राखाली झाडाचेही नाव छापा

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात वाचकांनी शेताशिवारात टिपलेली फुलपाखरांची छायाचित्रे अधूनमधून येतात आणि ती मी आवडीने पाहते. हल्ली साध्या मोबाइलनेही पंखांवरची नक्षी स्पष्ट दिसेल असे चित्र मिळते, त्यामुळे चित्रांचा दर्जा वाढलाच आहे. तक्रार आहे ती चित्राखालच्या ओळीबद्दल. 'निसर्गाची किमया', 'रंगांची उधळण' आणि पुढे छायाचित्रकाराचे नाव, एवढ्यावर ती संपते. फुलपाखरू कोणते, महिना कोणता, ते बसले होते ते झाड कोणते आणि तिथे ते करत काय होते, याचा पत्ता नसतो. यातली झाडाची माहिती मला सर्वांत मोलाची वाटते आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही.

मकरंदासाठी फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांवर बसते. मादी अंडी घालायला निघाली की मात्र तिची तऱ्हाच बदलते. पानामागून पान ती पुढच्या पायांनी चाचपत जाते, कारण तिच्या पायांवर चव ओळखणारी संवेदनांगे असतात. अनेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींखेरीज दुसरे काही खातच नाहीत, म्हणून तिला एवढी पारख करावी लागते. रुईवर प्लेन टायगर, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर लाइम, पानफुटीवर रेड पिएरो, एरंडावर कॉमन कॅस्टर, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या बांडगुळावर कॉमन जेझबेल. यातली रुई, एरंड, बांडगूळ ही मंडळी बहुतेक ठिकाणी उपटून, जाळून किंवा छाटून टाकण्याच्या लायकीचीच समजली जातात. बांध 'स्वच्छ' केला की पुढच्या हंगामात फुलपाखरे कमी का झाली याचे उत्तर फुलांमध्ये शोधून सापडत नाही.

झाडाचे नाव कळल्याने ओळखही कशी पक्की होते, याचे एक उदाहरण देते. प्लेन टायगरची अळी रुईसारख्या चिकाळ वनस्पतींवर वाढते, त्यांतली विषद्रव्ये अंगात साठवते आणि मोठेपणी पक्ष्यांना बेचव लागते. डॅनाइड एगफ्लाय या वेगळ्याच उपकुळातल्या फुलपाखराच्या मादीने प्लेन टायगरचे रूप जवळजवळ हुबेहूब उचलले आहे. तोच नारिंगी रंग, तीच काळी-पांढरी टोके, उडण्याची चालही तशीच संथ. फरक मागच्या पंखावर दिसतो. प्लेन टायगरच्या त्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, नक्कल करणारीला एकच असतो. आता पंख अर्धवट मिटलेले असतील किंवा चित्र तिरके असेल, तर हे ठिपके झाकले जातात आणि जाणकारही चकतो. पण खाली 'जमिनीलगतच्या घोळीवर अंडी घालताना' एवढे लिहिलेले असले, तर प्रश्न तिथेच मिटतो, कारण घोळ ही एगफ्लायच्या अळीची वनस्पती, प्लेन टायगरची नव्हे. (एगफ्लायचा नर काळा असून त्याच्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके असतात. शेजारी बसला तरी ही जोडी एका जातीची आहे असे कोणाला वाटणार नाही.)

'काय करत होते' हेही असेच. ओल्या मातीवर दाटीने बसलेल्या फुलपाखरांच्या चित्राला 'तहानलेले जीव' असे शीर्षक हमखास मिळते. चिखलपान करणारी ही गर्दी बहुतांशी नरांची असते आणि त्यांना पाण्यापेक्षा त्यातले क्षार, विशेषतः सोडियम हवे असते. मीलनाच्या वेळी नर त्यातला काही भाग मादीला देतो आणि तो पुढे अंड्यांना उपयोगी पडतो. एवढे दोन ओळींत छापले, तर तेच चित्र वाचक पुन्हा एकदा नीट पाहील.

नुसते फुलपाखरू पाहून त्याच्या भोवतालचे काही न पाहिल्याने काय होते, याचा धडा इंग्लंडमधल्या लार्ज ब्लू या फुलपाखराने दिला आहे. त्याची मादी थाइम या सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी थोडे दिवस ती फुले खाते, मग जमिनीवर पडते. मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि तिथे ती मुंग्यांच्या अळ्या खाऊन वाढते. हे फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा संशय फुलपाखरे पकडून जमवणाऱ्या संग्राहकांवर गेला. एका जागी तर त्यांना आत येता येऊ नये म्हणून कुंपण घातले गेले. त्या कुंपणाने गुरेही बाहेर राहिली. गवत वाढले, जमिनीवर सावली आली, माती थंड झाली आणि उघड्या उबदार जमिनीत राहणारी मुंगीची ती विशिष्ट जात नाहीशी झाली. थाइम होते, फुलपाखरे होती, पण अळ्यांना सांभाळणारे घर उरले नव्हते. जेरेमी थॉमस या संशोधकाने हे सगळे कोडे उलगडेपर्यंत फार उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून संपले. पुढे १९८०च्या दशकात स्वीडनहून आणून, योग्य जागी चराई पुन्हा सुरू करून, ते तिथे परत वसवले गेले. चराऊ गुरे म्हणजे निसर्गाचे नुकसान, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही हकिगत अवश्य वाचावी. अर्थात अतिचराईने उजाड झालेल्या माळाची तरफदारी मी करत नाही.

आता एक कडू गोष्ट. काही चित्रे बनवलेली असतात. फुलपाखराला स्वतःच्या शरीराची उष्णता माणसासारखी राखता येत नाही. उडण्याच्या स्नायूंना साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब मिळाल्याशिवाय बहुतेक जातींना नीट उडता येत नाही, म्हणून तर ती सकाळी पंख उन्हाला लावून बसतात. याचा गैरफायदा घेऊन काही जण फुलपाखरू पकडून फ्रीजमध्ये ठेवतात, गारठून निपचित झाले की हव्या त्या फुलावर मांडतात आणि वर पाण्याचा फवारा मारतात. पकडताना पंखांवरचे खवले झडतात ते वेगळेच. अशी चित्रे ओळखणे संपादकीय टेबलावर अगदीच अशक्य नाही. पहाटे दवात भिजलेले फुलपाखरू खरोखर दिसते, पण मग दव आसपासच्या पानांवरही असते. फुलपाखरावर थेंब आणि ते बसले आहे त्या पानावर एकही नाही, किंवा सावली माध्यान्हीची आणि पंखांवर दव, असे चित्र आले तर छापण्याआधी पाठवणाऱ्याला विचारावे. एकाच झेंड्यासारख्या उभ्या काडीवर चार वेगवेगळ्या जाती ओळीने बसलेल्या दिसल्या, तर विचारण्याचीही गरज नाही.

खरे चित्र मिळवायला वेळ लागतो, कसब त्या मानाने कमी लागते. पाठलाग करणाऱ्याला फुलपाखराची पाठच दिसते. त्याच्या संयुक्त डोळ्यांना हालचाल चटकन जाणवते आणि अंगावर सावली पडली तर ते हमखास उडते. उलट पॅन्सीसारख्या जातींचे नर आपला इलाखा राखून असतात. उडाले तरी घिरटी घालून पुष्कळदा त्याच दगडावर किंवा काडीवर परत येतात. म्हणून तिथेच खाली बसून राहावे. पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही बाजू टिपाव्यात, कारण छोट्या निळ्या फुलपाखरांची ओळख बहुधा पंखांच्या खालच्या बाजूवरूनच पटते. आणि तिसरे चित्र झाडाचे घ्यावे, पान, खोड, फूल सगळे दिसेल असे. मोबाइल तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतो, झाडाचे नाव नोंदवत नाही.

शेत कोणाचे तरी असते, हेही आपल्या पुरवणीतून एकदा सांगायला हवे. विचारून आत जावे, उभ्या पिकात पाय घालू नये, फाटक जसे होते तसे ठेवून यावे. काय दिसले ते शेतकऱ्याला दाखवावे. बांधावरच्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांची अळी आहे आणि तिचे कोणते फुलपाखरू होते हे त्याने स्वतः पाहिले, तर त्या झुडपावर कोयता चालवण्याआधी तो निदान विचार करील. लिंबाच्या बागेत लाइमची अळी दाखवताना मात्र जरा जपून, कारण तिथे ती कोवळी पाने फस्त करते आणि शेतकऱ्याचा राग रास्त असतो.

अशा साध्या नोंदींना पुढे वजन येते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक ठरलेल्या वाटेने, ठरावीक हवामानात, दर आठवड्याला चालत फुलपाखरे मोजत आले आहेत. एर्नी पोलार्ड यांनी घालून दिलेली ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली आणि कोणती जात वाढते, कोणती घटते हे त्यावरूनच कळते. आपल्या वाचकांकडून एवढ्या शिस्तीची अपेक्षा नाही.

माझी मागणी छोटी आहे. छायाचित्र मागवताना चार रकाने द्यावेत: जात, महिना, वनस्पती, वर्तन. ठिकाण तालुक्यापुरतेच छापावे. दुर्मीळ जात असेल तर तेवढेही नको, कारण जाळे घेऊन फिरणारेही वर्तमानपत्र वाचतात. फुलपाखरू पकडून किंवा गारठवून घेतलेले चित्र स्वीकारले जाणार नाही, ही ओळ ठळक टाकावी. झाडाचे नाव पाठवणाऱ्याला ठाऊक नसेल तर 'अनोळखी झुडूप' असे लिहून सोबत पानाचे चित्र छापले तरी चालेल. आपल्या वाचकांत झाडे ओळखणारे पुष्कळ आहेत आणि चूक दाखवणारी पत्रे तर आपल्याकडे न मागताही येतात.

आपली,
एक नियमित वाचक