मातृभाषेचा रकाना

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

पहिलीतल्या पोराला तिसरी भाषा झेपेल का, यावर २०२५ च्या उन्हाळ्यात अख्खा महाराष्ट्र भांडला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणणारे शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले. मीही विरोधातच होतो. पण मेळघाटातली पोरं त्या भांडणात कुणाला आठवली नाहीत. धारणी तालुक्यातलं लेकरू घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी. पहिलीत त्याच्यापुढे तिसरी भाषा येतेच. ती मराठी असते.

मी इथे रुजू झालो त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही. पाण्याचं चित्र दाखवलं तेव्हा एकदाच हळूच ‘डा’ म्हणाली. मी मान हलवून पुढच्या पोराकडे वळलो. नोंदवहीत लिहिलं : अबोल, आकलन कमी. मग एकदा आठवडी बाजारात दिसली. बांगडीवाल्याशी हिंदीत घासाघीस चाललेली, मधेच वळून आईशी कोरकूत मसलत, परत हिंदीत ‘नहीं, दस में दो’. मला पाहिलं आणि गप्प.

डा म्हणजे पाणी, हे मला त्यानंतर कळलं.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती संथाळीच्या, म्हणजे मुंडा कुळातली. तिच्यात द्विवचन आहे. आपण ते संस्कृतात घोकून पाठ केलं, ही पोरं ते खेळता खेळता वापरतात. अशा लेकराचे शब्द एकाच भाषेत मोजले तर कमीच भरणार. समोर कोण आहे ते बघून भाषा बदलायची त्याची तयारी आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

दाखलखारीज रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. तिथे मी सरसकट ‘मराठी’ लिहीत आलो, आधीच्या गुरुजींनी लिहिलं होतं म्हणून. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतं. रकान्यातच मराठी असल्यावर प्रश्नच मिटला!

तेव्हा साहेब, तो रकाना खरा भरण्याचे आदेश काढा. पहिली-दुसरीच्या वर्गात गावातली एखादी कोरकू बोलणारी ताई मानधनावर द्या. आणि बदल्यांचं बघा. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षक बदलीला पात्र होतो. माझी येत्या मे महिन्यात भरतात. कोरकू आत्ता कुठे जमायला लागली आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
ता. धारणी, जि. अमरावती