तुझ्या टीममध्ये कोण हवं

गंगापूर रोड, नाशिक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू टीम लीड झालीस हे कळल्यावर आईने कालिकेला जाऊन ओटी भरली. मला फार आनंद झाला. पण त्याच फोनवर तू डिस्ने या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या एकेकाळच्या प्रमुखाबद्दल, मायकल आयझनरबद्दल म्हणालीस, ‘त्या माणसानं डिस्ने बुडवली.’ ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

बुडवली म्हणणं अन्यायाचं आहे. १९८४ मध्ये तो आला तेव्हा कंपनी विकत घेऊन तिचे तुकडे करून विकायला बाहेरचे लोक टपून होते. वर्षाची उलाढाल दीड अब्ज डॉलरच्या आसपास होती, तो गेला तेव्हा ती तीस अब्जांवर होती. मी आयुष्यभर ताळेबंद तपासले आहेत, असे आकडे सहज होत नाहीत. आणि १९८९ ते १९९४ मध्ये ‘लिटल मर्मेड’पासून ‘लायन किंग’पर्यंत जे चित्रपट आले, त्यांच्याच वेडानं तू हातात पेन्सिल धरलीस ना?

पण त्या दहा वर्षांत तो एकटा नव्हता. शेजारी फ्रँक वेल्स होता. पदानं त्याच्या खालोखाल, पण थेट संचालक मंडळाला जबाबदार, आणि तोंडावर ‘हे नको’ म्हणू शकणारा. वेल्स असतानाही चुका झाल्याच. पॅरिसजवळचं पार्क १९९२ मध्ये उघडलं आणि कर्जात रुतलं. तरी एप्रिल १९९४ मध्ये नेवाडात हेलिकॉप्टर कोसळून वेल्स गेला आणि घडी तिथेच विस्कटली, असं माझं ठाम मत आहे.

वेल्सची जागा डिस्नेच्या चित्रपट विभागाचा प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग याला हवी होती. अ‍ॅनिमेशन त्याच्याच देखरेखीखाली उभं राहिलं होतं. आयझनरनं ती दिली नाही. कॅट्झनबर्ग बाहेर पडला, ड्रीमवर्क्स या नव्या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि पुढे कोर्टात जाऊन मोठी रक्कमही घेऊन गेला. मग आयझनरनं त्या जागी आपला मित्र मायकल ओव्हिट्झ आणला. चौदा महिन्यांत त्याला काढावं लागलं, आणि जाताना त्याला सुमारे चौदा कोटी डॉलर मिळाले! भागधारकांनी खटला भरला. २००५ मध्ये कोर्टानं संचालकांना दोषी धरलं नाही, पण आयझनरच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. त्या संचालक मंडळावर कोण होतं? त्याचा खासगी वकील, त्याचा वास्तुविशारद, त्याच्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. भली माणसं असतील सगळी, पण यातलं कोण त्याला अडवणार होतं?

त्याच वर्षांत आयझनरनं एबीसी ही टीव्ही कंपनी घेतली. तिच्याबरोबर ईएसपीएन ही खेळांची वाहिनी आली आणि कंपनीला वर्षानुवर्षं भरभरून पैसा देत राहिली. हेही त्याच्याच खात्यावर मांडायला हवं.

मला खरा राग आहे तो डिस्नेच्या ओरलँडोमधल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओबद्दल. हातानं चित्रं काढणारी मंडळी होती तिथे. २००४ मध्ये तो बंद केला. पैसा बुडाला तर पुन्हा मिळवता येतो, पण पंचवीस वर्षं रेषेवर बसलेला हात कुठून आणणार? त्याच सुमारास संगणकावर अ‍ॅनिमेशन करणाऱ्या पिक्सार कंपनीशी बोलणी फिसकटली, आणि त्याचा वारस बॉब आयगरला २००६ मध्ये तीच कंपनी ७.४ अब्ज डॉलरना घ्यावी लागली.

शेवटी आयझनरविरुद्ध उभा राहिला तो वॉल्ट डिस्नेचा पुतण्या रॉय डिस्ने, ज्यानं १९८४ मध्ये त्याला आणायला पुढाकार घेतला होता. मार्च २००४ च्या भागधारकांच्या सभेत ४३ टक्के मतं आयझनरच्या बाजूनं पडली नाहीत. संचालक मंडळाचं अध्यक्षपद गेलं, पुढच्या वर्षी सीईओची खुर्चीही.

आपल्या फाळके स्मारकावरून जाताना मला दादासाहेब आठवतात. इथल्याच कंपनीतल्या भागीदारांशी बिनसलं म्हणून ते १९१९ मध्ये काशीला निघून गेले होते. पण तीन वर्षांनी परत आले आणि पुन्हा चित्रपट केले. आयझनर आणि कॅट्झनबर्ग यांचं तसं झालं नाही.

तू सांगत होतीस, तुमच्यातले ते ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर प्रत्येक बैठकीत तुझ्या स्टोरीबोर्डवर हरकत घेतात, आणि नव्या टीमची यादी तूच करणार आहेस. त्यांचं नाव त्या यादीत घाल, सायली. त्यांची खुर्ची तुझ्या शेजारी असू दे. यादी पक्की झाली की मला कळव.

तुझे,
बाबा