बासष्ट किलोच्या मुलींनी जायचे कुठे? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

जागतिक तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचे आठ वजनगट असतात. ऑलिंपिकमध्ये मात्र ४९, ५७ आणि ६७ किलोपर्यंतचे तीन आणि ६७ किलोवरील एक, असे चारच गट आहेत. या काटछाटीची सर्वाधिक झळ बसते ती ६२ किलोखालील लाइटवेट गटाला. तो ५७ आणि ६७ यांच्या बरोबर मध्ये येतो, त्यामुळे या वजनाच्या मुलीला ऑलिंपिकचा विचार करायचा तर एक तर पाच किलो उतरवायचे, नाही तर आपल्याहून पाच किलो जड मुलींसमोर उभे राहायचे. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१४ साली इंचॉनला हा गट होता. २०१८ साली जकार्तात तो नव्हता.

ऑलिंपिकचे गट बदलणे आपल्या हातात नाही, हे मी जाणते. माझे म्हणणे एवढेच आहे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर ही निवड लादू नये आणि तिला तिच्या स्वाभाविक वजनात वाढू देण्यासाठी शासनाने पैसा व माणसे द्यावीत. सध्या मदतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो, 'ऑलिंपिकचे वजन आहे का?' हा प्रश्न मी स्वतः अनेकदा ऐकला आहे आणि तो ऐकून घरी गेलेली मुलगी दुसऱ्या दिवसापासून भाकरी सोडते, हेही पाहिले आहे.

दक्षिण कोरियाच्या ली दा-बिनचे उदाहरण घ्या. इंचॉनला सतराव्या वर्षी तिने सुवर्णपदक जिंकले ते ६२ किलोखालील गटातच. पुढे शरीर भरत गेले तशी ती वर सरकली. जकार्तात ६७ किलोवरील गटात सुवर्ण आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच गटात रौप्य. आयव्हरी कोस्टची रूथ ग्बाग्बी २०१७ साली मुजू येथे ६२ किलोत जगज्जेती झाली आणि रिओ व टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने ६७ किलोत कांस्यपदक घेतले. तुर्कस्तानच्या इरेम यामानने याच लाइटवेट गटात २०१५ आणि २०१९ अशी दोन जागतिक सुवर्णपदके मिळवली, पण टोकियोत त्या देशासाठी ५७ किलोत कांस्य आणले ते हातिजे कुब्रा इल्गुनने. म्हणजे हा गट कुणासाठी पायरी ठरतो, तर कुणासाठी तोच मुक्काम असतो आणि दोन्ही गोष्टींना किंमत आहे. आपल्याकडे तर तायक्वांदोत ऑलिंपिकचे एकही पदक अद्याप नाही. मग पायरीच गाळून वर चढण्याची घाई कशासाठी?

वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेतले जाते. त्या दुपारी कोणत्याही स्टेडियमच्या मागच्या बाजूला गेलात तर रेनकोट घालून उन्हात पळणाऱ्या, पाण्याचा घोट न घेता लिंबाची फोड चोखणाऱ्या आणि उरलेसुरले ग्रॅम उतरावेत म्हणून बाटलीत थुंकत बसलेल्या मुली आपल्याला दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी काही खेळाडूंचे वजन पुन्हा तपासले जाते आणि तेव्हा पाच टक्क्यांहून अधिक वाढ चालत नाही, म्हणजे ५७ किलोच्या मुलीला ५९ किलो ८५० ग्रॅमच्या आतच राहावे लागते. जिचे खरे वजन बासष्ट आहे, ती या हिशेबात भरपेट जेवणार कधी? अशा उपासाने कित्येकींची पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात आणि प्रशिक्षक पुरुष असेल तर त्या हे कुणाला सांगतही नाहीत. पॅरिसमध्ये शंभर ग्रॅमने कुस्तीत काय घडले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

वर सरकणेही सोपे नाही. होगूमधल्या, म्हणजे खेळाडूच्या धडावरील संरक्षक कवचातल्या, सेन्सरवर गुण नोंदवण्यासाठी लाथेचा जोर किती लागतो, हे वजनगटानुसार ठरलेले असते. बासष्टच्या मुलीची जी लाथ तिच्या गटात दोन गुण देते, ती सदुसष्टमध्ये पडद्यावर उमटेलच असे नाही. हा अंदाज सरावानेच येतो, पण तालुक्याच्या वर्गात इलेक्ट्रॉनिक होगू असतो कुठे? आमच्या मुली साध्या होगूवर, प्रशिक्षकाच्या 'लागली, लागली' या ओरडण्यावर शिकतात आणि सेन्सरचे मोजे पहिल्यांदा पायात चढवतात ते थेट मोठ्या स्पर्धेत.

म्हणून विनंती आहे, की राष्ट्रीय शिबिरात आणि परदेशी स्पर्धांच्या खर्चात ६२ किलोखालील गटाला ऑलिंपिक गटांच्या बरोबरीने धरावे. अठरा वर्षांखालील मुलीचा वजनगट बदलायचा असेल तर आहारतज्ज्ञ आणि महिला डॉक्टर यांची लेखी संमती सक्तीची करावी. यातून प्रशिक्षकांनाही सूट नको, मलाही नको. आणि प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात इलेक्ट्रॉनिक होगूचा निदान एक संच, तो चालवता येणाऱ्या माणसासह द्यावा. कुलूपबंद कपाटातले साहित्य आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

यांपैकी दुसऱ्या मागणीला फारसा पैसा लागत नाही. तिचे परिपत्रक पुढील राष्ट्रीय निवड चाचणीपूर्वी निघावे, अशी अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
मुलींची एक तायक्वांदो प्रशिक्षक, सातारा जिल्हा