शुगरच्या पेशंटशी बोलताना

परळ, मुंबई

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

ओपीडीत शुगर समजावून सांगायचं काम तुझ्याकडे आलंय, तर 'गोड खाऊ नका'ने सुरुवात करू नकोस. ते शेजारीणही सांगते. आधी विचार, एवढ्यात काय बदललं? गोळी चुकली, ताप आला, दाढेत पू झाला, दम्यासाठी स्टेरॉइड सुरू झालं, असं काहीतरी बहुधा निघतंच. 'साखर बंद केलीय हो' म्हणणाऱ्या काकू चहात गूळ घालतात आणि एकादशीला दोन वाट्या साबुदाणा खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रागावू नकोस, वाटी अर्धी करून घे.

लक्षणांची यादी वाचून दाखवू नकोस, कारण सांग. रक्तातली साखर साधारण 180 मिग्रॅ/डेलिच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पुरती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि पाणीही ओढून नेते. म्हणून रात्री सारखं उठावं लागतं, म्हणून घशाला कोरड पडते. ती तहान स्टेशनबाहेरच्या उसाच्या रसावर भागवली की साखर आणखी चढते. नजर धूसर झाली तर नवा चष्मा लगेच करू नये. साखर आटोक्यात आल्यावर नंबर बदलू शकतो. आणि बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, हेही सांग.

इन्सुलिनवाल्यांना पेन तुझ्यासमोर लावायला सांग. आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते बघायचं, टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. पोट चाचपून बघ. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथे औषध नीट शोषलं जात नाही. दर वेळी बोटभर सरकायचं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलं तर फेकायचं. फ्रिज नसेल तर बंद डबीत घालून मातीच्या मडक्यात.

साखर मोजताना आंबा चिरलेल्या हाताचं बोट न धुता टोचलं तर मीटर खोटाच आकडा दाखवतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच.

उलट्या, पोटदुखी, खोल भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास किंवा गुंगी: थेट कॅज्युअल्टी. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही. हे घरच्या माणसालाही सांग, कारण तेव्हा पेशंटला सुचत नसतं.

तुझी,
आई