गव्हर्नरसाहेब, आमचा मतदारसंघ रिकामा का ठेवलात?

माननीय ग्रेग ॲबट,
गव्हर्नर, टेक्सास राज्य, ऑस्टिन

सादर नमस्कार.

मी ह्यूस्टनची मतदार आहे. जन्म मिरजेचा, नागरिकत्व आता याच देशाचं. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या मराठी घरांसाठी. टेक्सासच्या निवडणुकीचा विषय निघाला की या घरांत 'आपला काय संबंध' म्हणून बोलणं दुसरीकडे वळवतात.

संबंध सांगते. परवा माझ्या आईच्या व्हिसाबद्दल उत्तर आलं. अर्ज ज्या कचेरीत अडकला आहे तिचं नाव मी घेत नाही, कारण कागद अजून त्यांच्याच हातात आहेत. उत्तराच्या शेवटी सल्ला होता की अधिक चौकशी आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्यामार्फत, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या प्रतिनिधीमार्फत करावी.

कोणामार्फत करू? टेक्सासचा १८ वा मतदारसंघ ५ मार्च २०२५ पासून रिकामा आहे. आठ वर्षं ह्यूस्टनचे महापौर राहिलेले सिल्व्हेस्टर टर्नर जानेवारीत काँग्रेसमध्ये गेले. ४ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला सभागृहात हजर होते, आणि काही तासांतच त्यांचं निधन झालं. त्यांच्याआधीच्या आमच्या प्रतिनिधी शीला जॅक्सन ली जुलै २०२४ मध्ये वारल्या. मृत्यूपुढे कोणाचा इलाज नाही. पण पोटनिवडणुकीची तारीख ठरवणं आपल्या हातात होतं, आणि आपण ती ४ नोव्हेंबर ठरवलीत. आठ महिने! त्या दिवशी कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत म्हणून रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत फेरमतदान, तो ३१ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे साडेसात लाखांहून अधिक माणसं जवळजवळ अकरा महिने वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीविना.

तुम्ही कारण दिलंत की ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीला निवडणूक नीट घेता येत नाही, तयारीला वेळ हवा. याच काउंटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घेतली. त्याच दिवशी याच १८ व्या मतदारसंघाची पोटनिवडणूकही घेतली. चार महिन्यांत ती काउंटी निवडणूक घ्यायला विसरली का?

आणि लवकर तारीख देणं तुम्हाला जमत नाही असं तर मुळीच नाही. २०१८ मध्ये टेक्सासचे काँग्रेस सदस्य ब्लेक फॅरेनथोल्ड यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि तुम्ही ३० जूनला तातडीची पोटनिवडणूक लावलीत. हार्वे वादळातून सावरणाऱ्या लोकांना काँग्रेसमध्ये आवाज हवा, हे कारण तेव्हा तुम्हीच दिलं होतं. २०२१ मध्ये रॉन राइट फेब्रुवारीत गेले, मतदान १ मे रोजी झालं. २०२२ मध्ये फिलेमॉन व्हेला मार्चच्या शेवटी पायउतार झाले, मतदान १४ जूनला. तीनही वेळा तीन महिन्यांच्या आत. फॅरेनथोल्ड आणि राइट तुमच्या रिपब्लिकन पक्षाचे होते, व्हेलांची जागा तुमच्या पक्षाला जिंकता येईल अशी होती, आणि ती जिंकलीही. आमची जागा तुमच्या पक्षाला कधीच मिळणार नव्हती. ह्यूस्टनही हार्वेत बुडालं होतं, साहेब. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाने इथल्या लाखो घरांची वीज घालवली. आमच्या आवाजाची निकड वाटायला आणखी काय बुडायला हवं होतं?

या काळात वॉशिंग्टन थांबलं नव्हतं. २२ मे २०२५ रोजी प्रतिनिधीगृहात कर आणि खर्चाचं ते प्रचंड विधेयक २१५ विरुद्ध २१४ असं मंजूर झालं. एका मताने. त्या दिवशी समोरच्या बाजूचेही दोघे मताला नव्हते, तेव्हा आमचा प्रतिनिधी असता तर निकाल फिरलाच असता असं मी म्हणत नाही. पण गरिबांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेला कात्री लावायची की नाही, यावर ह्यूस्टनच्या मध्यवस्तीचं, थर्ड वॉर्डचं मत कोणी विचारलंच नाही. त्याच मसुद्यात नागरिक नसलेल्यांनी मायदेशी पाठवलेल्या पैशावर साडेतीन टक्के कर होता. सातारा, जळगाव, नांदेडला दर महिन्याला पैसे पाठवणारी किती मराठी मुलं या शहरात आहेत! शेवटी तो कर रोखीच्या व्यवहारांपुरता एक टक्का झाला, पण तो व्हावा की नाही यावर आमच्या वतीने बोलायला सभागृहात माणूस नव्हता.

आता आईचं सांगते, कारण याच्यासाठीच मी इतकी तळमळते आहे. वडील गेल्यापासून ती मिरजेत एकटी आहे. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी रजा काढून गेले, ऑपरेशन झालं, दिवसभरासाठी एक बाई ठेवल्या आणि परत आले. परत यावंच लागलं, कारण इथे माझी नोकरी आहे आणि मुलांची शाळा. रात्री ती एकटी असते. फोन उशीखाली ठेवते. मी एकुलती एक. अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना व्हिसासाठी वार्षिक कोट्याची रांग नसते, असं कायदा सांगतो. मग अर्ज कुठे थांबला आहे ते मला कोणी सांगत नाही.

हेच काम शेजारच्या मतदारसंघात कसं होतं तेही बघा. तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचा अर्ज असाच अडकला होता. तिने त्यांच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात संमतीचा फॉर्म भरून दिला, तिथून विचारणा गेली, आणि फाइल हलली. आमच्याकडे सदस्य गेला की त्याचं कार्यालय प्रतिनिधीगृहाच्या क्लार्क या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत जातं. तिथले कर्मचारी माझ्याशी चांगलं बोलले. त्यांच्यावर माझा काही राग नाही. पण वर सदस्यच नाही, तेव्हा जोर लावायचा कोणी? माझ्यासारखे किती असतील याचा हिशेब करा. कुणाचं निवृत्त सैनिकाचं वेतन अडलं असेल, कुणाचा पासपोर्ट, कुणाची सोशल सिक्युरिटी. साडेसात लाख माणसांत शेकडा एकाचं जरी काम अडलं असलं तरी साडेसात हजार घरं होतात.

रिकामं ठेवून तुमचं भागलं नाही. मग तुम्ही नकाशाच बदललात.

२०२१ मध्ये तुमच्याच पक्षाने ३८ मतदारसंघांचा नकाशा काढला. जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ४० लाखांनी वाढली होती. त्या वाढीतली शंभरातली ९५ माणसं गोरी नव्हती, आणि तिच्याच जोरावर राज्याला दोन जागा जास्त मिळाल्या. त्या नकाशावर खटला झाला तेव्हा राज्याची बाजू ठाम होती की आम्ही वंशाकडे पाहिलंच नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये एल पासोच्या कोर्टात हेच सांगितलं गेलं. आणि ७ जुलैला केंद्राच्या न्याय खात्याचं पत्र आलं की ९, १८, २९ आणि ३३ या चार मतदारसंघांची रचना वंशावर बेतलेली आहे. लगेच तुम्ही ती घटनात्मक शंका म्हणून राज्य विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर घेतलीत. राज्याने कोर्टात जे सांगितलं ते खरं, की तुमच्या विषयपत्रिकेवर होतं ते खरं?

ते अधिवेशन कशासाठी बोलवायला हवं होतं? ४ जुलैच्या पहाटे ग्वाडालूपे नदीला पूर आला, शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. लोकांना भोंगे हवे होते, धोक्याची सूचना हवी होती. ते विषयही पत्रिकेवर होते, मी नाकारत नाही. पण पहिलं अधिवेशन नकाशाच्या भांडणात संपलं आणि पुराचा एकही कायदा त्यातून बाहेर पडला नाही. नकाशा अडवायला डेमोक्रॅट आमदार ३ ऑगस्टला राज्य सोडून गेले, कोरम मोडला. तुम्ही त्यांच्या अटकेची भाषा केलीत, त्यांच्या गटनेत्याची आमदारकी काढून घ्या म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलात. परत आलेल्यांना पोलिसांच्या पहाऱ्याच्या कागदावर सही केल्याशिवाय सभागृहाबाहेर जाऊ दिलं नाही. आमदार निकोल कॉलियर यांनी सही नाकारली आणि रात्र सभागृहातच काढली. निवडून आलेली बाई! २० ऑगस्टला ८८ विरुद्ध ५२ मतांनी नकाशा मंजूर झाला, २९ तारखेला तुमची सही झाली. पाच जास्त जागांवर आमचा हक्क आहे, हे राष्ट्राध्यक्ष तोवर उघड बोलून मोकळे झाले होते.

१८ नोव्हेंबरला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोनास एक मताने नकाशा थांबवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जेफ्री ब्राउन हे ट्रम्प यांनीच नेमलेले. त्यांना यात वंशावर आखणी झाल्याचा भक्कम पुरावा दिसला. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि एक कारण असं की निवडणूक तोंडावर आली आहे. निवडणूक तोंडावर कोणी आणली? नकाशा ऑगस्टात कोणी काढला? घर पेटवणाऱ्यानेच 'आता पाणी आणायला उशीर झाला' म्हणावं, तसं हे आहे.

आता आमच्या मतदारसंघाची अवस्था बघा. ३१ जानेवारीला जुन्या हद्दींवर रनऑफ. क्रिस्टियन मेनेफी आणि अमांडा एडवर्ड्स, दोघंही डेमोक्रॅट. जो निवडून येईल तो या वर्षाअखेरपर्यंतच आमचा. ३ मार्चला नव्या हद्दींवर प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान. गरज पडली तर २६ मेला पुन्हा रनऑफ. मग ३ नोव्हेंबरची मुख्य निवडणूक. नव्या नकाशात आमचं घर १८ व्यातून बाहेर गेलं आहे, रस्त्यापलीकडचं घर वेगळ्याच मतदारसंघात आहे, आणि जुन्या ९ व्याचा मोठा भाग नव्या १८ व्यात आला आहे, त्यामुळे २००५ पासून ९ व्याचे प्रतिनिधी असलेले ॲल ग्रीन आता १८ व्यातून उभे आहेत. पंचाहत्तरीची माझी शेजारीण मला विचारते, आपला माणूस कोण? ती १९७२ मध्ये बार्बरा जॉर्डन यांना याच मतदारसंघातून निवडून देणाऱ्यांपैकी आहे. दक्षिणेतून काँग्रेसमध्ये गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. या १८ व्या आकड्याला इथे मान आहे, गव्हर्नरसाहेब. लोकांनी तो झगडून मिळवला आहे.

२०२४ मध्ये ट्रम्प यांना टेक्सासमध्ये ५६ टक्के मतं पडली. या नकाशाचा बेत ३८ पैकी ३० जागांचा आहे, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के. मधले २३ टक्के कोणाचे? ते आमचे आहेत.

तुमचे समर्थक म्हणतील, डेमोक्रॅट काय वेगळं करतात? खरं आहे, आणि मला त्याचीही तितकीच चीड आहे. पळून गेलेले आमदार ज्या इलिनॉयमध्ये जाऊन राहिले तिथे १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांच्या, आणि तो नकाशाही असाच वाकवलेला. मेरीलँडमध्ये ८ पैकी ७. तुमच्या नकाशाला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात लोकांकडून कौल घेऊन स्वतःचा स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. मिझुरी, नॉर्थ कॅरोलायनाने तुमचा कित्ता गिरवला. इंडियानाच्या सिनेटने मात्र डिसेंबरात नकार दिला. तिथेही तुमच्याच पक्षाचं बहुमत आहे, आणि त्यांच्यावर दबाव काही कमी नव्हता. म्हणजे 'नाही' म्हणता येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत. तेव्हापासून बचाव सोपा झाला आहे: आम्ही वंशासाठी नाही, पक्षासाठी हद्दी काढल्या. आणि हे सभागृहात उघडपणे सांगितलं जातं! मतदाराने प्रतिनिधी निवडायचा की प्रतिनिधीने मतदार, हा प्रश्नच या देशाने निकालात काढला आहे.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. भारतात मतदारसंघांच्या हद्दी परिसीमन आयोग ठरवतो. त्याच्यावरही आरोप होतात, जम्मू-काश्मीरच्या फेररचनेवर झालेच. पण ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याच्याच हातात पेन्सिल देऊन टाकायची, हे मी मिरजेत कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. काँग्रेसची जागा रिकामी झाली की नव्वद दिवसांत मतदान झालंच पाहिजे, असा कायदा करा, म्हणजे तारीख गव्हर्नरच्या मर्जीवर राहणार नाही. हद्दी ठरवायला पक्षांबाहेरचा आयोग नेमा. आणि ३१ जानेवारीचा निकाल लागला की प्रमाणपत्राला एक दिवसही उशीर होऊ देऊ नका. ॲरिझोनाच्या ॲडेलिटा ग्रिहाल्व्हा २३ सप्टेंबरला निवडून आल्या आणि त्यांचा शपथविधी १२ नोव्हेंबरला झाला. आम्ही आता आणखी सात आठवडे थांबणार नाही. निवडून येणाऱ्या सदस्याच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी आईचा संमतीचा फॉर्म घेऊन मी उभी असेन.

मराठी मंडळींनो, ३ मार्चच्या प्रायमरीसाठी नाव नोंदवायची शेवटची तारीख २ फेब्रुवारी आहे. टेक्सासमध्ये नवी नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होत नाही, फॉर्म कागदावर भरून पोहोचवावा लागतो. आपलं घर आता कोणत्या मतदारसंघात पडलं आहे ते काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून आजच बघा.

गव्हर्नरसाहेब, तुम्ही चौथ्या कारकिर्दीसाठी मतं मागता आहात. २०१८, २०२१ आणि २०२२ मध्ये जे तीन महिन्यांत झालं त्याला २०२५ मध्ये आठ महिने का लागले, याचं लेखी उत्तर मला मतदानाआधी हवं आहे.

आपली,
१८ व्या मतदारसंघातली एक मतदार
ह्यूस्टन, जानेवारी २०२६