मुदतठेव मोडू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू आवाज बारीक केलास तेव्हाच कळलं की बाबा शेजारीच बसलेत. पट्टीतून गोळी काढायच्या त्यांच्या यंत्राचं पेटंट घ्यायला मुदतठेव मोडायचा फॉर्म आणून ठेवलाय म्हणे. म्हणून फोनऐवजी पत्र. फोनवर बाबा तिसऱ्या वाक्याला स्प्रिंगवर येतात आणि माझं म्हणणं राहून जातं.

बाबा, ठेव मोडू नका. आणि ती जी कंपनी ‘जगभराचं पेटंट काढून देतो’ म्हणते आहे, तिला एक पैसाही देऊ नका. जगभराचं पेटंट अशी वस्तूच नसते. पेटंट ज्या त्या देशाचं वेगळं. 1970 च्या पेटंट सहकार्य करारामुळे एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो हे खरं, पण त्यातून मिळते ती सवड, बहुतेक देशांसाठी पहिल्या अर्जापासून 30 महिन्यांची. त्यानंतर प्रत्येक देशाची फी निराळी, वकील निराळा, कित्येकदा भाषांतरसुद्धा. तुमचं बोलणं ऐकून पाच मिनिटांत ‘लाखात एक कल्पना’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी आधी शोध तरी घेतला होता का?

मी घेतला. तीन रात्री. एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स ही जुनी पेटंटं शोधायची संकेतस्थळं, तिन्ही फुकट आहेत. पहिल्या रात्री ‘गोळ्या काढायचं यंत्र’ अशा अर्थाचे साधे शब्द टाकले, फारसं काही निघालं नाही, आणि मी खुशीत झोपले. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की पेटंटवाले गोळीला गोळी म्हणतच नाहीत, ‘घन स्वरूपातली औषधमात्रा’ असलं काहीतरी म्हणतात. शिवाय प्रत्येक पेटंटला विषयाचा क्रमांक असतो. तोंडाने औषध देण्याच्या साधनांचा गट ‘ए61जे 7’. तो टाकला आणि नुसता पूर आला. तरफ दाबून पट्टीतून गोळी ढकलणारी साधनं ढिगाने आहेत. काहींची मुदत कधीच संपलीय, म्हणजे ती कुणीही बनवावीत, पण त्यावर पुन्हा पेटंट कुणालाच मिळायचं नाही.

हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय. पण पुढचं वाचा. तुमची ती तिरकी जीभ, पट्टी धरून ठेवणारी, जिच्यामुळे गोळी उडत नाही, खालच्या वाटीतच पडते आणि बोटं न वापरता नुसत्या तळव्याने काम होतं, ती मला कुठे दिसली नाही. नाहीच असं म्हणत नाही, मला दिसली नाही. तेव्हा ‘पट्टीतून गोळी काढणं’ आपलं नाही, ती जीभ आपली असू शकते. नुसत्या कल्पनेला पेटंट नसतंच. ती प्रत्यक्षात कशी उतरवली त्याला असतं, आणि ती रचना नवी हवी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको आणि बनवून वापरता येण्याजोगी हवी.

आता आई, तुझ्याकडे येते. यंत्राचा तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नकोस, प्लीज. अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत आली की बहुतेक देशांत तिचा नवेपणा गेला, मग ती खुद्द शोध लावणाऱ्याने का दाखवलेली असेना. अमेरिकेत स्वतःच्या अशा चुकीला एक वर्षाची सवलत आहे. युरोपात तीही नाही. शेजारच्या काकांना दाखवायचंच असेल तर आधी गुप्ततेच्या कागदावर सही. बाबा हे करणार नाहीत, संकोचतील. म्हणून न दाखवणंच सोपं.

आणि चित्रं पाकिटात घालून, सील करून स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची युक्ती कुणी सांगितली बाबांना? तिचा उपयोग शून्य. आधी सुचलं कुणाला हे आता बघत नाहीत, आधी अर्ज कुणी केला ते बघतात. अमेरिकाही 2013 पासून याच रांगेत आली.

बाबा, तुम्ही मेउच्चीचं उदाहरण दिलंत, पैसे नसले की टेलिफोन दुसऱ्याच्या नावावर जातो म्हणून. गोष्ट खरी आहे. आंतोनिओ मेउच्चीने 1871 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे आपल्या टेलिफोनची प्राथमिक सूचना नोंदवली, 1874 नंतर नूतनीकरण झालं नाही, आणि 1876 मध्ये पेटंट ग्रॅहॅम बेलला मिळालं. पण तो अडला नूतनीकरणाच्या छोट्या रकमेच्या तारखेवर. शिवाय त्या कागदात यंत्राचं वर्णनच अपुरं होतं, असा वाद आजही आहे. मला त्या गोष्टीतून ठेव मोडण्याचं कारण काही सापडत नाही, तारखा पाळण्याचं सापडतं.

तेव्हा माझा बेत ऐका. अनेक देशांत तात्पुरता अर्ज करता येतो. फी कमी, एकट्या संशोधकाला बहुधा आणखी सवलत. तारीख आपली होते आणि पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. परदेशातही ती तारीख चालते, 1883 च्या पॅरिस करारामुळे. मात्र कागदात जे लिहिलं तेवढंच राखलं जातं. जीभ पत्र्याची, प्लास्टिकची, स्प्रिंगशिवायची, डावखुऱ्यांसाठीची, सगळं त्यात यायला हवं. वर्णन आणि आकृत्या तुम्हीच करा, तुमच्याइतकं सुबक कुणी काढणार नाही. पैसे खर्चायचे ते एकाच जागी: पेटंट एजंटकडून दावे, म्हणजे नेमकं काय आपलं हे सांगणारी वाक्यं, लिहून घ्यायला. कुंपण तिथेच घातलं जातं. सैल घातलं तर कुणीही वळसा घालून जाईल.

त्या 12 महिन्यांत दहा-बारा नग बनवून लोकांच्या हातात देऊ. कुणाला नकोच असेल तर पुढचा खर्च थांबवू. पण तारीख चुकवून मग ‘पुन्हा अर्ज करू’ म्हणता येणार नाही, कारण तोवर आपणच वस्तू जगाला दाखवलेली असेल. आणि पूर्ण पेटंट मिळालं तरी ते अर्जापासून 20 वर्षांचं, तेही नूतनीकरणाची फी भरत राहिलात तर. नक्कल करणाऱ्याला थांबवायचं ते आपल्याच खर्चाने, कोर्टात. हे सगळं त्या कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत नसणार.

फॉर्म फाडू नका, कपाटात ठेवा. या रविवारी जिभेची आकृती तिन्ही बाजूंनी काढून, मापं मिलिमीटरमध्ये घालून मला पाठवा. फक्त मला.

तुमची,
ताई

ता. क. आई, रोज गोळी काढताना किती वेळा अडतं आणि किती वेळा उडते ते महिनाभर वहीत लिहून ठेवशील? बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते समोर उभे राहून मोजतील.